गाणी नसलेला रविवार

रेडिओवरची बाई म्हणाली, "दुपारचे बारा वाजून चाळीस मिनिटं झाली आहेत," आणि आत्यानं पानं घ्यायला सांगितली.

भूक कुणालाच नव्हती. सकाळचा चहा अजून घशाखाली पुरता उतरला नव्हता. आईनं भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचलून एकवार खिडकीकडं बघितलं, पण खिडकी आत्यानं सकाळीच लावून घेतली होती आणि पुढच्या दाराला कडी घातली होती. घरात शुभकार्य असलं की गल्लीची नजर आत येता कामा नये, असा तिचा दंडक होता. मग आम्ही चौघं जेवायला बसलो. आप्पा दोनदा म्हणाले की आज पोट जड वाटतंय. आत्या म्हणाली, जड वाटलं तरी वेळेवर दोन घास खावेत, वेळ चुकली की पित्त होतं.

खरे वाजले असतील सव्वादहा. ते मला ठाऊक होतं आणि मी तोंड मिटून वरणभात कालवत होते.

आता कुणीही विचारेल की घड्याळजीच्या घरात वेळ चुकतेच कशी. तर ती तिथंच चुकते. आमच्या पुढच्या खोलीत आप्पांचं दुकान होतं आणि त्या रविवारी भिंतीवर, फळीवर आणि खणात मिळून अडतीस घड्याळं होती. त्यांतल्या कुठल्याही दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. दुरुस्त झालेली घड्याळं गिऱ्हाइकं शनिवारी, बाजाराच्या दिवशी घेऊन जात. रविवारी घरात उरत ती फक्त आजारी. काही बंद पडलेली, काही पुढं पळणारी, आणि एक काटेच नसलेलं, जे मनात येईल तेव्हा नऊ ठोके द्यायचं. आप्पांच्या स्वतःच्या मनगटावर घड्याळ नव्हतं. त्यातली कमान, म्हणजे आतली स्प्रिंग, त्यांनी केव्हाच एका गिऱ्हाइकाच्या घड्याळात बसवून टाकली होती.

त्यामुळं रविवारी आमचं घर रेडिओवर चालायचं. शेतीचा कार्यक्रम लागला की आई कणीक मळायला घ्यायची, बायकांचा कार्यक्रम लागला की पानं मांडायची, बातम्या संपल्या की आप्पा आडवे व्हायचे. सरकारचं सगळं खोटं असू शकतं पण रेडिओनं सांगितलेली वेळ खोटी असू शकत नाही, हे आमच्याकडं देवघरातल्या देवाइतकं पक्कं होतं.

आणि तो रविवार साधा नव्हता. चार वाजता मला बघायला माणसं येणार होती.

स्थळ आत्यानं आणलं होतं. तुळसाआत्या म्हणजे आप्पांची थोरली बहीण. आप्पा तिला आक्का म्हणत आणि म्हणताना आपोआप खांदे पाडत. आई-वडील लवकर गेल्यावर तिनंच आप्पांना कडेवर घेऊन वाढवलं होतं, आणि तिच्या लेखी ते अजून कडेवरच होते. आमचं घर कुठल्या दिशेला तोंड करून बांधायचं, माझं नाव मालन ठेवायचं की सुमन, आईनं बाळंतपणाला माहेरी कधी जायचं, हे सगळं आत्यानं ठरवलं होतं. तिला कुणी नाही म्हटल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं. नाही म्हणण्याची सवयच आमच्या घराला नव्हती.

मुलगा बिलासपूरला रेल्वेत होता. त्याचे वडील महामुनी, रिटायर्ड स्टेशनमास्तर. त्यांचं पत्र आत्यानं आठवड्यापूर्वी तिच्या गावाहून आल्या आल्या वाचून दाखवलं होतं. अक्षर मोत्यासारखं होतं. मुलगी गृहकृत्यदक्ष असावी, पत्रिका जुळली आहे, पसंती तिथल्या तिथं सांगू, असं लिहून खाली एक ओळ होती: मुलींनी इतर उद्योग केलेले आमच्या घरात चालत नाहीत.

ती ओळ वाचताना आत्यानं आवाज चढवला नाही की उतरवला नाही, पण आप्पांनी माझ्याकडं बघितलं आणि मी जमिनीकडं. माझा इतर उद्योग आम्हा तिघांनाच ठाऊक होता. दोन वर्षांपासून आप्पांच्या डोळ्यांनी दगा दिला होता. मिरजेचे डॉक्टर म्हणाले होते, आतल्या पडद्याचं दुखणं आहे, चष्म्यानं भागायचं नाही. माणसांचे चेहरे दिसत, पण घड्याळातली केसाएवढी कमान दिसत नसे. तेव्हापासून बारीक कामं मी करत होते. दुकानाला लागून पडदा होता. पुढं आप्पा डोळ्याला भिंग लावून बसायचे, गिऱ्हाइकाशी बोलायचे, घड्याळ उघडून हूं हूं करायचे. गिऱ्हाईक गेलं की ते घड्याळ पडद्यामागं माझ्याकडं यायचं. गावात म्हणत, वेदपाठक आप्पांचा हात वयाबरोबर आणखीच बसत चाललाय. ते ऐकून मला बरं वाटायचं आणि रागही यायचा.

मला लग्नाचं वावडं नव्हतं. पण त्या घडीला मला जगात एकच गोष्ट हवी होती: दुकानातली पुढची खुर्ची. पडद्याबाहेरची. आप्पांनी मला कधी विचारलं नाही आणि मीही कधी सांगितलं नाही. मुलीनं बापाला असं काही सांगायची रीत नव्हती. शिवाय आप्पांना ते मान्य असतं तरी आत्याला कोण सांगणार होतं?

तर त्या रविवारी सकाळी सव्वासहाला मी रेडिओजवळ केर काढत होते. आई चुलीशी होती, आत्या देवापुढं घंटा वाजवत होती, आप्पा मागं विहिरीवर आंघोळीला गेले होते. रेडिओवरच्या बाईनं आनंदाच्या सुरात सांगितलं की आज केंद्राला पंचवीस वर्षं पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त आज गाणी नाहीत, दिवसभर फक्त शब्द. संग्रहातली जुनी भाषणं, मुलाखती, श्रुतिका, सकाळपासून रात्रीपर्यंतच्या क्रमानं आणि मूळ निवेदनांसह, जशीच्या तशी ऐकवली जातील. आणि मग ती हसून म्हणाली, श्रोत्यांनी निवेदनातल्या वेळेवर मात्र विसंबून राहू नये.

मी केरसुणी खाली ठेवली. घंटा वाजतच होती. मी हात पुढं केला आणि रेडिओचा आवाज बारीक केला. त्यामागं फार मोठा विचार होता असं नाही. हात पुढं झाला एवढं खरं.

सातच्या बातम्या खऱ्या होत्या, त्यामुळं कुणाला संशय यायचं कारणच नव्हतं. आठला जुन्या फिती सुरू झाल्या. त्यातली गंमत माझ्या हळूहळू लक्षात आली. कार्यक्रम दिवसाच्याच क्रमानं लागत होते, पण मधली गाणी काढून टाकली होती. आमच्या रेडिओवर निम्मा वेळ गाणी असायची. ती काढल्यावर सबंध दिवस निम्म्या वेळात मावायला लागला. हळदीच्या कंदकुजीवर दोन माणसं बोलली, लगेच एका मास्तरांचं अक्षर-सुधारणेवर भाषण झालं, त्याला लागूनच कुणी वैद्य मुळव्याधीवर बोलले, आणि घटकाभरात दुपार झाली.

जेवता जेवता बायकांच्या कार्यक्रमात कैरीच्या लोणच्याची कृती लागली. आत्यानं घास हातात धरूनच ऐकली आणि म्हणाली, "भादव्यात कैऱ्या कुठनं आणायच्या ह्या बयेनं?"

"पुढच्या सालाची तयारी असंल," आप्पा म्हणाले.

मग हवामान लागलं. जिल्ह्यात उष्णतेची लाट आहे, शेतकऱ्यांनी दुपारच्या वेळी बाहेर पडू नये. बाहेर तीन दिवस आभाळ भरून आलेलं होतं आणि कौलांवरून पाणी टपकत होतं. आत्या तुच्छतेनं हसली. हवामानवाल्यांना खिडकीतून बाहेर बघायला काय होतं, असं तिचं म्हणणं पडलं. हवामानावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. पण त्याच बाईनं पुढल्या वाक्यात एक वाजून पाच मिनिटं झाल्याचं सांगितलं, तेव्हा आत्यानं लगेच मला हात धुऊन केस विंचरायला बसवलं.

अडचण एवढीच होती की दर थोड्या वेळानं आजची, जिवंत बाई मध्ये बोलायची. तिचा आवाज जुन्या बायांपेक्षा स्वच्छ होता. तो ऐकू आला की काहीतरी आवाज करणं मला भाग होतं. पहिल्यांदा मला खोकल्याची उबळ आली. दुसऱ्यांदा माझ्या हातून तांब्या-भांडं घरंगळलं आणि आत्यानं मला धांदरट म्हटलं. मी मनातल्या मनात देवाला सांगितलं, आजचा दिवस निभावून ने, परत असं करणार नाही.

त्यानंतर एका पैलवानाची मुलाखत लागली. बाळू तांबवेकर नावाचा. आवाज असा होता की रेडिओच्या पेटीला धक्का बसावा. रोज किती दूध पितो, किती जोर काढतो, ते तो सांगत होता. आत्या वेणी घालता घालता थांबली.

"रामा," तिनं आप्पांना हाक मारली, "हा बाळू गेल्या साली वारला न्हाई का? त्याच्या तेराव्याला मी जेवून आलीया."

माझा जीव टांगणीला लागला. आप्पा दुकानाच्या उंबऱ्यात बसून एका घड्याळाची काच पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"आधी बोलून ठिवलं असंल, आक्का. सरकारी काम. आत्ता नंबर लागला."

आत्याला ते पटलं. सरकारी कामाला वेळ लागतो हे तिलाही पटण्यासारखं होतं. तिनं बाळूबद्दल चार चांगले शब्द काढले आणि वेणी पुढं चालू केली. आप्पांचा भाबडेपणा पाहून मला वाईट वाटलं. इतका भला माणूस, आणि मी त्याला दिवसाढवळ्या फसवत होते.

अडीच वाजले म्हणून रेडिओनं सांगितलं तेव्हा मला साडी नेसवणं चाललं होतं. अंजिरी रंगाची, आईच्या लग्नातली. एक प्राध्यापक 'मनुष्य कधी काळी चंद्रावर पोहोचू शकेल काय' या विषयावर बोलत होते आणि त्यांचं मत पडलं की नाही. आई पदराच्या निऱ्या धरून उभी होती. ती सहसा वन्संपुढं तोंड उघडत नसे, पण तिच्यानं राहवलं नाही.

"वन्सं, जाऊन आले की ते. पोरीच्या पुस्तकात चित्र होतं."

"परत जायचं म्हणत असतील," बाहेरून आप्पा म्हणाले.

आणि तेवढ्यात आजची बाई बोलायला लागली. श्रोतेहो, आपण ऐकत आहात आपल्या संग्रहातील, एवढं म्हणाली आणि माझे दोन्ही हात आत्याच्या मुठीत. ती बांगड्या चढवत होती. मला खोकला येईना, काही पाडायला हात मोकळा नाही, पाय निऱ्यांत अडकलेले. आता संपलं, असं मी समजले. इतक्यात दुकानातून गजराचं घड्याळ असं काही कोकलायला लागलं की आत्याच्या हातातली बांगडी फुटली. ते काही केल्या थांबेना. थांबलं तेव्हा बाई बोलून गेली होती आणि श्रुतिका सुरू झाली होती.

"हे आत्ताच वाजवायचं होतं व्हय रं तुला?" आत्या ओरडली.

"बघत होतो चालतंय का," आप्पा म्हणाले. "सोमवारी द्यायचंय."

देव माझ्या बाजूनं आहे, अशी माझी खात्री पटली.

श्रुतिकेत एका दारुड्याच्या बायकोची कथा होती. ती ऐकताना आईच्या डोळ्यांना धार लागली आणि कांदेपोह्यांचा कांदा करपला. पुन्हा चिरला. शिरा झाला. चार वाजल्याचं निवेदन झालं, तेव्हा आम्ही सगळे पुढच्या खोलीत अडतीस घड्याळांखाली ओळीनं बसलो होतो. मी मान खाली घालून, आई पदर सावरून, आत्या दाराकडं नजर लावून. बाहेर भर दुपारचे बारा वाजले होते.

साडेचार झाले. एका निवृत्त पोस्टमनच्या आठवणी झाल्या. पाच झाले. मुलांच्या कार्यक्रमात कुणी ताई ससा आणि सिंहाची गोष्ट सांगून गेल्या. आत्याच्या कपाळावरची शीर ठसठसू लागली. साडेपाचला तिनं बसायची जागा बदलली. आप्पा हळूच म्हणाले की एसटी उशिरा असेल. आत्या म्हणाली, स्टेशनमास्तर होता ना तो? त्याला उशीर कसा होतो? माझा भाऊ गरीब आहे म्हणून त्याच्या दारात केव्हाही यावं की काय? आप्पा गप्प बसले. ते गप्प बसले की आत्याचा राग दुप्पट व्हायचा, कारण तिला दोघांच्या वाटणीचं रागवावं लागायचं.

"सायंकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली आहेत," रेडिओ म्हणाला.

आत्या उठली. तिनं रेडिओचं बटण इतक्या जोरात फिरवलं की ते तिच्या हातातच आलं.

"माणसाला माणूस म्हणत न्हाईत ती लोकं. दोन तास. मालन, ऊठ. सोड ती साडी. आपल्याला न्हाई द्यायची पोरगी असल्या घरात. मी सांगते."

आत्याच्या तोंडून नकार आला होता. तिनं स्वतःच आणलेल्या स्थळाला. मी आतल्या खोलीत जाऊन साडी सोडली, घरातलं जुनं पातळ नेसले आणि भिंतीला टेकून उभी राहिले. हसू येत होतं ते पदरानं दाबून धरलं.

पुढचं मात्र मी गृहीत धरलं नव्हतं. सहा वाजले म्हटल्यावर दिवस मावळायला हवा होता, आणि तो मावळेना. आत्यानं देवापुढं दिवा लावला, आम्हाला हात जोडायला लावले. पाहुण्यांसाठी केलेले पोहे आणि शिरा हेच रात्रीचं जेवण म्हणून तिनं वाढायला सांगितलं. तेव्हा मात्र सगळ्यांना कडकडून भूक लागली होती आणि शिऱ्याचं पातेलं आम्ही पुसून घेतलं. भांडी घासून झाली. खिडकीच्या फटीतून उजेड येतच होता. त्या दिवशी आमच्या घरात संध्याकाळ दोन तास चालली.

"आज उजेड लई वेळ हाय," आत्या एकदा म्हणाली.

"ढगामागं चांद असंल," आप्पा म्हणाले, आणि आई त्यांच्याकडं बघतच राहिली.

शेवटी आत्यानं अंथरूण टाकायला सांगितलं. मनस्तापानं अंग मोडून आलं होतं. ती चादर डोक्यावरून घेऊन झोपली आणि पाचव्या मिनिटाला घोरू लागली. दुपारचे तीन वाजले असतील.

बरोबर चारला कडी वाजली.

दार आप्पांनी उघडलं. बाहेर महामुनी उभे होते, काळा कोट, डोक्याला टोपी, मागं त्यांचा मुलगा आणि मेहुणे. आत आई ओल्या हातांनी भांडी पालथी घालत होती, मी विटक्या पातळात केस सोडून बसले होते आणि पुढच्या खोलीच्या मधोमध आत्या अंथरुणात होती. ती उठून बसली. चादर खांद्यावर घेऊन तिनं पाहुण्यांना नखशिखांत न्याहाळलं.

"ही काय यायची वेळ झाली?"

"चार," महामुनी म्हणाले.

"कसले चार? पहाटेचे?"

महामुनींनी मनगट पुढं केलं. एकतीस वर्षं आपण गाड्यांना झेंडा दाखवला, एक मिनिट इकडचं तिकडं झालं नाही, दुपारचे चार म्हणजे दुपारचे चार, असं त्यांनी सांगितलं. आत्यानंही ऐकवलं की आम्ही दोन तास सजून बसलो होतो, आमच्याकडं रेडिओ आहे, रेडिओ खोटं बोलत नाही. महामुनींनी भिंतीकडं बघितलं. एका घड्याळात सव्वाआठ झाले होते, एकात पावणेतीन, एकात साडेअकरा. काटे नसलेल्या घड्याळाला नेमकी तेव्हाच हुक्की आली आणि त्यानं नऊ ठोके दिले. सगळेजण नववा ठोका होईपर्यंत थांबले.

"दुकानावर पाटी घड्याळाचीच आहे ना?" महामुनींनी आप्पांना विचारलं.

दार उघडं होतं आणि गल्लीतली माणसं गोळा झाली होती. आत्यानं नजर आत येऊ नये म्हणून दिवसभर केलेला बंदोबस्त एका क्षणात वाया गेला. आप्पांनी हात जोडले.

"माझी चूक झाली," ते म्हणाले. "मला वेळ कळली न्हाई."

कुणीतरी बाहेरून फस्सकन हसलं. मला त्या क्षणी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी लग्न मोडायला निघाले होते आणि मोडलं माझ्या बापाचं नाव. खरं सांगायला मी उठलेसुद्धा, पण आईनं माझं मनगट धरलं आणि तेवढ्यात महामुनी वळले. ज्या घरात दिवस की रात्र कळत नाही तिथं सोयरीक नको, असं ते मेहुण्यांना मोठ्यानं म्हणाले. मुलानं जाता जाता माझ्या आईकडं पाणी मागितलं. तेवढंच त्यांचं आदरातिथ्य झालं. आत्याला आता आपला शब्द गिळता येत नव्हता. ती पुन्हा आडवी झाली आणि तोंडावर चादर ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ती गेली. जाताना म्हणाली की पुन्हा आपण ह्या पोरीच्या लग्नात पडणार नाही, ज्याचं त्यानं बघावं. हे वाक्य ऐकायला आम्हाला बावीस वर्षं लागली होती.

पण गाव काही गेलं नाही. सोमवारी दुकानासमोरून जाणारा प्रत्येक जण वाकून बघायचा. आप्पा, दिवा लावला का? आप्पा, झोपायची वेळ झाली काय? दोन गिऱ्हाइकं येऊन आपली घड्याळं दुरुस्त न करताच परत घेऊन गेली. आप्पा भिंग डोळ्याला लावून बसले होते आणि त्यांच्यासमोर काहीच नव्हतं. मला पडद्यामागं बसवेना. मंगळवारी सकाळी मी बाहेर आले आणि त्यांच्यासमोर उभी राहिले.

"आप्पा, रविवारी सकाळी रेडिओवर सांगितलं होतं. जुनं ऐकवणार आहेत, वेळेवर विसंबू नका म्हणून. मी ऐकलं होतं. मुद्दाम सांगितलं नाही."

आप्पांनी भिंग काढलं.

"म्हाईत हाय," ते म्हणाले.

"काय माहीत आहे?" मी विचारलं.

"मागल्या दारात हुतो की मी. ओल्या अंगानं. सगळं ऐकलं. म्हटलं सांगावं आत जाऊन, पाय उचलला, तर तू आवाज बारीक केलास."

मी खाली बसले. पैलवान, चंद्र, ढगामागचा चांद आणि तो कोकलणारा गजर, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं.

"मग तुम्ही का नाही सांगितलं?"

आप्पांनी भिंगाची काच धोतराच्या सोग्यानं पुसली.

"आक्कानं ते पत्र वाचलं तवापास्नं तुला विचारायचं हुतं. तुला जायचंय, का हितं बसायचंय. रोज म्हणायचो आज विचारीन. बापाला जमत न्हाई गं. तू बटण फिरवलंस, तवा मला उत्तर गावलं."

"पण गाव हसतंय तुम्हाला. गिऱ्हाइकं जायला लागली."

"जाऊ देत. आक्काला न्हाई म्हणण्यापरीस हे सोपं पडलं."

मी रडले. ते लपवण्यात अर्थ नाही, भरपूर रडले. आप्पा मला रडू नको म्हणाले नाहीत. ते उठले, खुर्ची हातानं झटकली आणि मला तिच्यावर बसायला सांगितलं. स्वतः शेजारच्या पेटाऱ्यावर जाऊन बसले, गिऱ्हाईक बसतं तिथं.

मी डोळे पुसते न पुसते तोच कचेरीतले घोरपडे दारात आले. रविवारी गल्लीतून फस्सकन हसले होते ते हेच. मनगटावर घड्याळ होतं, म्हणजे कामासाठी आले नव्हते.

"काय आप्पा," ते म्हणाले, "उजाडलं का न्हाई अजून?"

"माझं काय खरं न्हाई बघा, घोरपडे," आप्पा म्हणाले. "मला वेळ कळत न्हाई हे आता तालुक्याला म्हाईत झालंय. दोन वर्सं झाली, तुमची सगळ्यांची घड्याळं हीच दुरुस्त करतीया. इथनं पुढं काय असंल ते मालनला विचारायचं."

घोरपड्यांचं हसू तोंडावरच राहिलं. त्यांनी आप्पांकडं बघितलं, खुर्चीकडं बघितलं, मग आपल्या मनगटाकडं. गेल्या चैत्रात ते घड्याळ मी सबंध उघडून पुन्हा बसवलं होतं, आणि तेव्हापासून ते एक मिनिटही चुकलं नसल्याचं घोरपडे चौकात सगळ्यांना सांगत असत.

"किती वाजले, बाई?" त्यांनी विचारलं.

"अकरा वाजून वीस मिनिटं झाली आहेत," मी म्हणाले.

त्यांनी किल्ली ओढली, काटे दोन मिनिटं पुढं केले, आणि निमूट कचेरीकडं गेले.